वाढत्या डुकरांतला कूर्चेचा आजार: एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय यांत नेमकं काय दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण कोकणातल्या एका वराहफार्मवर जाणाऱ्या पशुवैद्यकांनी विचारलं आहे की लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांतले काही नर पाच-सहा महिन्यांचे झाले की मागच्या पायाने लंगडू लागतात. ताप नाही, सांधा हाताला गरम लागत नाही, प्रतिजैविकांनी फरक पडत नाही. संशय ऑस्टिओकाँड्रोसिसचा, म्हणजे वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या आजाराचा आहे. जनावर जिवंत असताना खात्री करायला कोणती तपासणी करावी, आणि पैदाशीचा नर निवडताना तिचा उपयोग होतो का?

डॉक्टर, संशय योग्य दिशेने आहे. पण कोणतं यंत्र वापरायचं हे ठरवण्याआधी आजार कुठे सुरू होतो ते डोळ्यांसमोर आणू या. इमेजिंगमध्ये जी फसगत होते ती यंत्रामुळे क्वचितच होते. आपण काय शोधतोय आणि ते जनावराच्या कोणत्या वयात शोधतोय, याचा मेळ बसला नाही की ती होते.

वाढत्या पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचे दोन थर असतात. सांध्याच्या पृष्ठभागाचा वरचा थर कायमचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या वंगणावर त्याचं पोषण होतं. त्याच्या खालचा थर मात्र वाढीचा असतो आणि त्याचं पुढे हाड व्हायचं असतं. हा थर जाड असतो, त्यामुळे त्याला रक्तपुरवठा लागतो. तो कूर्चेतल्या बारीक नलिकांमधून येतो. हाड जसजसं वाढत वर येतं तसतशा या नलिकांतल्या काही वाहिन्या हाडाच्या सीमेवरून आत वळतात आणि हाडातल्या वाहिन्यांना जोडल्या जातात. नेमक्या त्या सीमेवर एखादी वाहिनी निकामी झाली, तर पुढच्या कूर्चेचा तुकडा उपाशी राहून मरतो. हे अनुमान नाही. वाहिनी मुद्दाम तोडली की आजार होतो, हे नॉर्वेच्या ब्यॉर्नार इत्रेहूस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये डुकरांवरच शस्त्रक्रिया करून दाखवलं होतं. अमेरिकेत कॅथी कार्लसन यांचं काम त्याच्याही आधीपासून याच दिशेला होतं.

आता पुढचा टप्पा. मेलेल्या कूर्चेत हाड होण्याची क्रिया थांबते, आजूबाजूला मात्र ती चालूच राहते. भरतीचं पाणी खडकाला वळसा घालून पुढे सरकतं तसं हाड त्या मृत तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जातं आणि मधे कूर्चेचा खिळा हाडात शिरल्यासारखा उरतो. पहिल्या अवस्थेला, म्हणजे मृत्यू फक्त कूर्चेत असतो तेव्हा, लेटन्स म्हणतात. हाड मागे पडलं की मॅनिफेस्टा. त्या कमकुवत जागेवर भार पडून भेग सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेली आणि कूर्चेची पापडी सुटली की डिसेकन्स. जनावर ठळकपणे लंगडतं ते बहुतेक वेळा या तिसऱ्या टप्प्यात, कारण वरच्या कूर्चेत मज्जातंतू नसतात. दुखणं जाणवतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर डिवचलं गेल्यावर.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. एक्स-रे आणि साधा सीटी, दोन्हींत कूर्चा स्वतः दिसत नाही. पाणी, स्नायू, कूर्चा, सांध्यातलं वंगण हे सगळं जवळजवळ एकाच करड्या छटेत येतं. आपल्याला दिसते ती हाडाची सीमा आणि त्या सीमेतली खोबण. म्हणजे आजार आपण त्याच्या परिणामावरून ओळखतो. लेटन्स अवस्था या दोन्हींत सापडणार नाही, यंत्र कितीही महाग असलं तरी. आणि पिल्लू साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईतो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातल्या या वाहिन्या विरून गेलेल्या असतात. त्यामुळे तुम्ही पाचव्या-सहाव्या महिन्यात जे बघता आहात त्याची सुरुवात फार आधी, बहुधा दूध सुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत झालेली असते.

एक्स-रेपासून सुरू करा, कारण तो तुमच्या हाताशी आहे. मागच्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा उंचवटा आणि पुढच्या पायाच्या कोपरात दंडाच्या हाडाचा आतला उंचवटा, या दोन जागा आधी बघायच्या. उभ्या, घाबरलेल्या जनावराची चांगली फिल्म निघत नाही, भूल द्यावीच लागते. गुडघ्याच्या दोन फिल्म हव्यात: एक बाजूने, एक मागून पुढे. खोबण दिसायला किरण तिच्या कडेला स्पर्श करून जायला हवा. समोरून गेला तर निरोगी हाडाची सावली तिच्यावर पडते आणि ती झाकली जाते. म्हणून पाय थोडा अधिक वाकवून आणखी एक फिल्म काढावी. नकारात्मक एक्स-रेवरून आजार नाही असं मी कधीच लिहून देत नाही. सकारात्मक असेल तर मात्र तो बोलका असतो: उंचवट्याच्या गोल रेषेत एक सपाट किंवा खोलगट तुकडा, त्याभोवती पांढरट घट्ट झालेलं हाड, कधी सांध्यात सुटलेली एखादी कपची.

एक सवय इथे सोडायला हवी. कुत्र्याचा पाय दुखला की आपण दुसऱ्या पायाची फिल्म काढून तुलना करतो. डुकरातला हा आजार बऱ्याचदा दोन्ही पायांत, जवळजवळ आरशातल्यासारखा असतो. त्यामुळे ‘दुसरा पायही असाच आहे, म्हणजे हे नॉर्मल’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. तुलना करायची तर त्याच वयाच्या, न लंगडणाऱ्या भावंडाशी करा. तीही सावधपणे, का ते पुढे सांगतो. शिवाय वाढत्या हाडाची सीमा मुळातच थोडी खडबडीत असते. तो सगळा खडबडीतपणा आजार नसतो. एकाच ठिकाणी, स्पष्ट कडा असलेला खड्डा हवा.

सोनोग्राफीला आपल्याकडे कमी लेखलं जातं. या आजारात ती एका अर्थाने एक्स-रेच्या पुढे आहे, कारण तिच्यात कूर्चा खरोखर दिसते: हाडाच्या पांढऱ्या चकचकीत रेषेवर काळा पट्टा. गुडघा पूर्ण वाकवला की उंचवट्याचा भार घेणारा भाग पुढे येतो आणि सरळ प्रोबने, साधारण 7.5 ते 12 मेगाहर्ट्झवर, तो तपासता येतो. पांढरी रेषा कुठे आत दबली आहे का, काळा पट्टा तिथे जाड झाला आहे का, सांध्यात पाणी जास्त आहे का, हे सगळं कळतं. अडचण दोन गोष्टींची आहे. जनावर मोठं झालं की चरबीचा थर आवाजाच्या लहरी खातो. आणि उंचवट्याचा आतल्या खाचेकडचा भाग कोणत्याही कोनातून नीट पकडता येत नाही. तरीही फार्मवर, विजेच्या एका प्लगवर होणारी ही तपासणी आहे आणि सांध्यातलं पाणी काढायला सुई नेमकी टाकण्यासाठीही ती उपयोगी पडते.

ते पाणी काढाच. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून जंतुसंसर्ग कमी वाटतो, पण याच वयात मायकोप्लाझ्मा हायोसिनोव्ही या जंतूमुळे होणारी संधिदाहाची लंगड हुबेहूब अशीच दिसू शकते, ताप नसतानाही. एरिसिपेलास आणि स्ट्रेप्टोकोकस सुइस हे सांध्यात उतरणारे जंतुसंसर्गही यादीत ठेवा. ऑस्टिओकाँड्रोसिसमध्ये पाणी सहसा स्वच्छ, फिकट पिवळं असतं. गढूळ आलं तर प्रयोगशाळेची वाट बघा, त्याआधी सीटीचा विचारही करू नका.

सीटीचं काम समजून घ्यायचं तर नॉर्वेकडे बघावं लागतं. नॉर्सविन ही तिथल्या वराहपालकांच्या मालकीची पैदास संस्था. हामारजवळच्या तिच्या चाचणी केंद्रात 2008 पासून पैदाशीसाठी चाचणीला आलेल्या नरांचा साधारण 120 किलो वजनाला संपूर्ण शरीराचा सीटी होतो. मूळ हेतू मांस आणि चरबीचं प्रमाण जनावर न कापता मोजण्याचा होता. पण त्याच चित्रांत गुडघे आणि कोपरंही येतात. तेव्हा प्रत्येक सांध्याच्या उंचवट्यांना गुण देऊन त्यांची बेरीज पैदास-निर्देशांकात घेतली जाऊ लागली. या गुणांची अनुवांशिकता मध्यम प्रतीची निघाली, म्हणजे निवडीने पिढ्यान्‌पिढ्या फरक पाडता येईल इतकी. पूर्वी हेच काम कापलेल्या भावंडांचे सांधे बघून करावं लागे, आणि ज्या नराला पैदाशीला ठेवायचं त्याच्या स्वतःच्या सांध्याबद्दल काहीच कळत नसे. सीटीने ती अडचण दूर केली. पशुवैद्यकीय इमेजिंगमधलं इतकं थेट शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचलेलं काम मला दुसरं चटकन आठवत नाही.

आणि तरी, याच केंद्राशी जोडलेल्या क्रिस्टिन ओल्स्टाड, यॉर्गेन कोंग्सरो आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जे छापलं ते प्रत्येक पशुवैद्यकाने वाचावं असं आहे. त्यांनी लँड्रेस जातीच्या 18 नरांचा सीटी 70 ते 180 दिवसांच्या वयात दर दोन आठवड्यांनी पुन्हापुन्हा केला. म्हणजे एकाच खोबणीचा चरित्रपट त्यांच्याकडे होता. दिसलं असं की खड्डे येतात आणि त्यांतले बरेच आपोआप भरूनही निघतात. भरण्याचे दोन मार्ग होते: एक, खालून हाड वर चढत जाऊन खड्डा उथळ होतो. दोन, मृत कूर्चेच्या वरच्या बाजूला हाडाचं वेगळं छोटं केंद्र तयार होतं आणि ते नंतर खालच्या हाडाला मिळतं. हा दुसरा प्रकार नीट लक्षात ठेवा. एकाच वेळच्या सीटीत ते वेगळं केंद्र सुटलेल्या तुकड्यासारखं दिसतं, म्हणजे सुधारत असलेल्या जनावराला आपण बिघडलेलं ठरवू शकतो.

यातून वयाचा पेच उभा राहतो. फार लवकर स्कॅन केलात तर जे खड्डे पुढे भरणार आहेत तेही मोजले जातात. फार उशिरा केलात तर जे होते आणि भरले ते सुटतात, आणि त्या नराची प्रवृत्ती मात्र पुढच्या पिढीत जाते. नॉर्वेतल्यासारखं सगळ्या नरांना एकाच वजनाला बघितलं तर तुलना निदान न्याय्य होते. एका फार्मवरच्या दोन-चार नरांना वेगवेगळ्या वयात स्कॅन करून ‘हा चांगला, हा वाईट’ ठरवण्याला तो आधार उरत नाही. भावंडाशी तुलना सावधपणे करा म्हटलं ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट, जिने मला या आजाराकडे बघायची दृष्टी दिली. स्वीडनमध्ये मोकळ्यावर वाढवलेली डुकरं आणि त्याच कळपातली गोठ्यात वाढवलेली डुकरं यांची तुलना झाली. मोकळ्यावरच्यांत ऑस्टिओकाँड्रोसिस जास्त होता, लंगडणं मात्र जास्त नव्हतं. म्हणून चित्रात खड्डा दिसला की लंगडीचं कारण सापडलं असं समजू नका. खूर फाटलेला असतो, फरशी निसरडी असते, सांध्यात जंतू असतात, आणि खड्डा फक्त बाजूला बसलेला असतो. म्हणून खड्डा आणि लंगडी एकाच सांध्यात आहेत हे हाताने चाचपून, सांधा वाकवून, पाणी काढून जुळवावं लागतं. निदान तिथे होतं.

सीटी करायचाच ठरला तर बारीक काप घ्या, एक मिलिमीटरच्या आसपास, हाडासाठीच्या तीक्ष्ण पद्धतीने तयार केलेले. मग उभ्या आणि आडव्या दोन्ही प्रतलांत चित्र फिरवून बघा. नुसत्या आडव्या कापांत उंचवट्याचा उतार खड्ड्यासारखा भासतो. जनावर उताणं ठेवून मागचे पाय ताणून मागे घेतले की दोन्ही गुडघे एकदम येतात. टेबलाची वजनमर्यादा आधी विचारा. भुलेबद्दल: झायलाझिन एकटं डुकरात फारसं चालत नाही, केटामिनसोबतच द्यावं लागतं. वासाची भूल देणार असाल तर रक्तरेषेत ताण-संवेदनशीलतेचा जनुकदोष आहे का याचा विचार करा, कारण अशा जनावराचं तापमान भुलेखाली झपाट्याने चढून ते दगावतं. दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद ठेवा. ते जनावर नंतर मांसासाठी जाणार असेल तर औषध शरीरातून जाईपर्यंतचा काळ पाळणं ही आपली जबाबदारी आहे.

एमआरआय हा या आजारासाठी सर्वांत बोलका मार्ग आहे यात शंका नाही. तो कूर्चेकडे थेट बघतो. टी-टू मापनात, म्हणजे ऊतीतल्या पाण्यानुसार बदलणाऱ्या एमआरआयच्या एका मोजणीत, मृत कूर्चेतलं पाणी आणि तंतूंची मांडणी बदललेली कळते, हाडाची सीमा अजून शाबूत असतानाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने तर 2014 मध्ये डुकराच्या वाढीच्या कूर्चेतल्या रक्तनलिकाच कोणतंही रंगद्रव्य न टोचता चित्रात आणल्या, जिवंत पिल्लांतही. शिरांतल्या रक्तात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे त्याचा चुंबकीय गुणधर्म थोडा वेगळा असतो, त्याचा उपयोग त्यांनी केला. म्हणजे रोग सुरू होतो त्या जागेपर्यंत आपण पोचलो. त्याआधी हे बघायचं तर मेलेल्या जनावराच्या धमनीत बेरियम भरून सूक्ष्म सीटी करावा लागे. माणसाच्या मुलांतही गुडघ्याचा असाच आजार होतो, आणि हे काम पुढे त्या मुलांच्या उपयोगाला येईल म्हणून डुकराला इतकं महत्त्व आहे. पण फार्मवरच्या प्रश्नासाठी एमआरआय नको. वेळ जास्त, भूल लांब, खर्च मोठा, आणि मिळालेल्या माहितीवरून तुमचा निर्णय बदलणार नाही. सुटलेली पापडी शस्त्रक्रियेने काढून बाजारात जाणारं डुकर कोणी सांभाळत नाही.

मग तुम्ही काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर जनावर शहरात नेलं नसतं, त्याचे पाय नेले असते. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा आजार आल्यापासून डुकराला फार्मबाहेर नेऊन परत आणणं हा मोठा धोका आहे आणि स्कॅनसाठी तो पत्करण्यात अर्थ नाही. जे नर निवडीतून बाद होऊन कापले जातात, त्यांतल्या लंगडणाऱ्या आणि न लंगडणाऱ्या दोघांचेही गुडघे आणि कोपरं सांध्यासकट काढून घ्या, बिल्ला लावून थंड पेटीत ठेवा. ताप किंवा संशयास्पद मरतूक असेल तर हा विषयच बंद, आधी पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. निरोगी कळपातले पाय असतील तर त्यांचा एक्स-रे फार्मवरच सावकाश, हव्या त्या कोनातून काढता येतो. भूल नको, घाई नको. पशुवैद्यकीय महाविद्यालयात सीटी उपलब्ध असेल तर तेच पाय तिथे देता येतील.

त्यानंतर सुरी. मांडीच्या हाडाचा खालचा भाग उभा, तीन ते पाच मिलिमीटरच्या चकत्यांत करवतीने कापा, चकत्या पाण्याने धुऊन उजेडात धरा. निरोगी चकतीत वरची कूर्चा निळसर पांढरी, अर्धपारदर्शक, एकसारख्या जाडीची दिसते आणि तिच्याखाली लालसर हाडाची गुळगुळीत कमान असते. आजारी चकतीत कमानीला एक खाच पडलेली असते. त्या खाचेत कूर्चेची जीभ उतरलेली असते, आणि तिचा रंग पिवळट, अपारदर्शक, शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा मेलेला. कधी तिच्या तळाशी रक्ताळलेली बारीक रेषा असते, ती भेगेची सुरुवात. ही चकती आणि त्याच सांध्याची फिल्म शेजारी ठेवून बघा. पाच-सहा सांधे असे बघितलेत की जिवंत जनावराच्या एक्स-रेमधलं वाचन पुष्कळ सुधारतं. फोटो काढताना मोजपट्टी शेजारी ठेवा आणि कोणत्या बापाचं जनावर ते त्यावर लिहा.

बापाचं नाव लिहिण्याला कारण आहे. वेगवेगळ्या मादींना त्याच नरापासून झालेल्या पिल्लांत हे खड्डे वारंवार सापडले, तर तो नर बदलायचा, स्वतः तो ताठ चालत असला तरी. आपल्याकडे यॉर्कशायर आणि लँड्रेसचं रक्त थोड्या नरांतून पुष्कळ फार्मांवर पसरतं, शिवाय गोव्यात आणि तळकोकणात स्थानिक डुकरांशी त्यांचा संकर होतो. एका नराचे सांधे त्यामुळे बऱ्याच गोठ्यांत पोचतात. नवा नर सरकारी किंवा संशोधन केंद्रातून घेणार असाल तर त्याच्या भावंडांच्या पायांबद्दल विचारा. नोंद नसली तरी विचारा, विचारणारे वाढले की नोंद ठेवली जाते.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मालक विचारेल. कॅल्शियमच्या पुड्या वाढवून हा आजार जात नाही. स्फुरद आणि कॅल्शियम प्रमाणात हवेतच, पण ते दुसऱ्या आजारांसाठी. खाद्य तोडून वाढ मंदावली तर फायदा होतो का, यावर निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या भरवशावर जनावर उपाशी ठेवू नये. फरशी मात्र सुधारा. निसरड्या फरशीने खड्डा तयार होत नाही, पण असलेल्या खड्ड्यावरची कूर्चा फाटायला एक घसरणं पुरतं.

सध्या जे नर लंगडतायत त्यांना कोरड्या, जाड पेंढ्याच्या कप्प्यात वेगळं ठेवा, वेदनाशामक द्या, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा चालवून बघा. सुधारले तर मांसासाठी वाढवा, पैदाशीला ठेवू नका. मागच्या गुडघ्याच्या फिल्म काढल्यात की दोन्ही पायांच्या, जनावराचं वय आणि वजन लिहून पाठवा. वय नसलेली फिल्म वाचता येत नाही.